रोजचे चार टँकर एकावर कसे आले: मीटर, एसटीपी आणि जिलबीचा रंग

पाणक्या

मंडळी, पाणीकपातीच्या धाग्यावर मी सहज लिहून गेलो होतो की आमच्या सोसायटीत यंदा टँकर बरेच कमी झाले. तेव्हापासून "कसे?" म्हणून इतके व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले की एकेकाला उत्तरं देऊन थकलो. म्हणून हा धागा. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

पुण्याच्या उपनगरातली सोसायटी. तीन विंग, १४४ फ्लॅट, पाचशेच्या आसपास माणसं. नळाचं पाणी दिवसाला ३०-३५ हजार लिटर, तेही बऱ्या दिवशी. शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी मापदंड माणशी १३५ लिटर, म्हणजे आम्हाला ६७ हजारांच्या आसपास लागणार. उरलेलं टँकरने. उन्हाळ्यात रोज चार, लग्नसराईत आणि पाहुण्यांच्या दिवसांत पाच. खजिनदारबाईंनी एका वार्षिक सभेला टँकरचा आणि लिफ्टचा वर्षाचा खर्च शेजारीशेजारी लिहून दाखवला. टँकरचा आकडा बघून मागच्या रांगेतल्या गप्पा बंद पडल्या.

आमची पहिली उडी सगळ्यांची असते तीच, स्मार्ट मीटर. विक्रेते आले, लॅपटॉप उघडले, मोबाइलवर प्रत्येक घराचा वापर कसा दिसेल ते दाखवलं. मग एकाने विचारलं, "फ्लॅटला इनलेट किती?" प्लंबर म्हणाला चार. दोन बाथरूमचे दोन डक्ट (पाइप जातात ते उभे बोळ), एक स्वयंपाकघर, एक ड्राय बाल्कनी. म्हणजे १४४ फ्लॅटना ५७६ मीटर! कोटेशन बघून हात जोडले. जुन्या बांधकामात मीटर बसत नाहीत ते या डक्टांमुळे. तंत्रज्ञान तयार असतं, पाइप तयार नसतात. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतसुद्धा (सरकारी नमुना नियमांत) पाण्याची आकारणी फ्लॅटमधल्या नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर आहे. किती पाणी वापरलं हा प्रश्नच तिथे नाही. त्यामुळे एकटे राहणारे आजोबा आणि सात माणसांचं कुटुंब यांना पाणीपट्टी सारखीच.

मग आमच्यातल्या एका निवृत्त इंजिनिअर काकांनी सांगितलं, घरं सोडा, मुख्य पाइप मोजा. पाच मीटर घेतले: एक नळाच्या पाण्यावर, एक टँकर जिथे रिकामा होतो त्या पाइपवर आणि तीन विंगांच्या चढत्या पाइपांवर. शिवाय टाक्यांत पातळी मोजणारे सेन्सर. हे सेन्सर आधी झाकणाला आतून लावायचे ध्वनिलहरींचे घेतले होते. दोन आठवड्यांत ते भरलेली टाकी रिकामी आणि रिकामी भरलेली दाखवायला लागले. झाकणाला आतून वाफेचे थेंब धरतात, ते सेन्सरच्या तोंडावर बसतात. ते पैसे पाण्यात गेले (अगदी शब्दशः). नंतर तळाशी सोडायचे दाबावर चालणारे घेतले, ते नीट चालतात.

पहिल्या आठवड्यात कळलं की 'दहा हजारी' टँकर साडेआठ हजारच्या पुढे कधी गेलाच नाही. एकदा तर आठ हजार दोनशे. पुरवठादाराला मीटरचा फोटो पाठवला. आधी म्हणाला मीटर चुकतोय, मग म्हणाला रस्त्यात हिंदकळतं. शेवटी मीटरच्या लिटरवर पैसे द्यायचं ठरलं. त्याला मान्य नव्हतं, दुसरा मिळाला.

दुसरी गोष्ट जास्त मजेशीर. रात्री एक ते चार माणसं झोपलेली असतात, म्हणजे टाकीची पातळी जवळपास स्थिर राहायला हवी. ए आणि सी विंगमध्ये थोडीफार उतरायची. बी विंगची फ्लशची टाकी मात्र त्या तीन तासांत सातशे लिटरने खाली यायची. रोज. याचा हिशेब दिवसाला साडेपाच हजारांवर जातो. पाइप तपासला, कोरडा. राहिले घराघरांतले फ्लश.

फ्लश टँकची गळती दिसत नाही. कमोडच्या मागच्या भिंतीवरून पाण्याचा पातळ पडदा उतरत असतो, आवाजही नसतो. म्हणून किराणा दुकानातून जिलबीत घालतात तो केशरी रंग आणला, चिमूट चिमूट पुड्या बांधल्या आणि रविवारी सकाळी सात वाजता बी विंगच्या ४८ घरांत वाटल्या. फ्लश टँकमध्ये टाका, अर्धा तास फ्लश करू नका, मग कमोडमध्ये बघा. अकरा घरांत कमोड केशरी! दोन बायकांनी फोटो ग्रुपवर टाकले, ते नंतर काढायला लावले. एका फ्लॅटला कुलूप, मालक परदेशात. डक्टमधून त्याच्या फ्लशचा व्हॉल्व्ह बंद केला, तर रात्रीची उतरण आणखी कमी झाली. गडी दीड वर्ष आलेला नव्हता.

आता एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट. बिल्डरने बांधून दिला होता, पहिली दोन वर्षं चालला, पुढची चार वर्षं त्या खोलीत गणपतीच्या मांडवाचे बांबू. फ्लशची वेगळी लाइन होती, पण एसटीपी बंद म्हणून तिला पिण्याच्याच पाण्याचं कनेक्शन. म्हणजे टँकरने विकत घेतलेलं पाणी कमोडमध्ये. माणशी १३५ लिटरमध्ये फ्लशचे साधारण ४५ धरतात, म्हणजे तिसरा हिस्सा. एसटीपी दुरुस्त केला, पुढे एक गाळणी आणि क्लोरिनचा डोस जोडला. सभेत यावर जे झालं ते लिहीत नाही. "आमच्या बाथरूममध्ये गटाराचं पाणी आणता?" इथपासून सुरुवात होती. आता फ्लश आणि बाग दोन्ही त्याच पाण्यावर. या मे महिन्यात बहुतेक दिवस एक टँकर, काही दिवस दोन.

विचारा काय ते.

वाखूसा_सम्राट

वाखूसा (वाचनखूण साठवली). जिलबीच्या रंगासाठी +१. आमच्याकडे उद्याच.

तळमजला_१०२

सगळं छान, पण आमचं घर एसटीपीच्या बरोबर वर आहे. आमच्या सोसायटीतही 'दुरुस्त' केला होता. आठ दिवस बरा, मग सडक्या अंड्याचा वास. पाहुणे आले की मी उदबत्ती लावते आणि देवाचं निमित्त सांगते. तुमच्याकडे वास येत नाही? खरं सांगा.

पाणक्या

ताई, आला होता. पहिल्या महिन्यात तुमच्यापेक्षा वाईट. कारण सापडलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. वॉचमनला कोणीतरी सांगितलेलं, लाइट बिल वाचवा. तो रात्री दहाला ब्लोअर (टाकीत हवा सोडणारा पंखा) बंद करायचा आणि सकाळी सहाला चालू. त्या टाकीत पाणी साफ करतात ते जिवाणू. त्यांना चोवीस तास हवा लागते. आठ तास हवा बंद केली की ते गुदमरतात, आणि हवेशिवाय जगणारे दुसरे जिवाणू कामाला लागतात. सडक्या अंड्याचा वास त्यांचा.

मेलेली टाकी पुन्हा जागी करायला आमच्या ऑपरेटरने काय घातलं असेल? शेणकाला. जवळच्या गोठ्यातून चार पाट्या ताजं शेण आणून पाण्यात कालवून ओतलं. जिवाणूंचं विरजणच ते. तीन आठवड्यांत पाणी निवळलं. ब्लोअरच्या बटणाला आता कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे. तुमच्याकडेही आधी ब्लोअरच्या वेळा विचारा.

दुसरं, ऑपरेटर हवाच. आठवड्यातून एकदा चक्कर मारणारा नव्हे, रोज येऊन पाणी काचेच्या नळकांड्यात धरून गाळ किती बसतो ते बघणारा. यंत्रापेक्षा त्याच्या पगारावर सभेत जास्त भांडण झालं.

शंकासूर

पाणक्या, लेख आवडला, पण यात 'नवं तंत्रज्ञान' कुठे आहे? गळका फ्लश दुरुस्त करणं म्हणजे प्लंबिंग. हिवरे बाजारने हेच सेन्सरशिवाय केलं. पर्जन्यमापकावर पाऊस मोजायचा, गावात किती पाणी आहे त्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा, त्यावर कुठली पिकं घ्यायची ते ठरवायचं. ऊस-केळी नको, शेतीसाठी बोअर नको. नियम पाळले म्हणून पाणी राहिलं. तुमच्या मीटर-सेन्सरमध्ये नियम कुठे आहे?

पाणक्या

अर्धं मान्य. पण शंकासूर, पर्जन्यमापक हेसुद्धा यंत्रच की. आकडा नसता तर ग्रामसभेत वाद 'तुझ्या विहिरीला जास्त, माझ्या विहिरीला कमी' यावरच अडकला असता. आमच्याकडेही तेच. टँकरवाल्याशी मी आधी तीन वर्षं भांडत होतो, तोंडी. मीटरचा फोटो गेला आणि भांडण दोन दिवसांत संपलं. बी विंगवाल्यांना मी "तुमच्याकडे गळतंय" म्हटलं असतं तर आम्हालाच का म्हणून मोर्चा आला असता.

नियम म्हणाल तर एकच झाला: रात्री एक ते चारची उतरण ठरावीक मापाच्या वर गेली की त्या विंगने रविवारी रंगाची फेरी काढायची. ए आणि सी मिळून आणखी सहा फ्लश सापडले.

रसाची_टाकी

साखर कारखान्यात लॅबमध्ये वीस वर्षं आहे, म्हणून लिहितो. पाण्यावरून शिव्या खाण्यात आमच्या धंद्याचा हात कोणी धरणार नाही. शेतातल्या पाण्याबद्दलच्या शिव्या बऱ्याच खऱ्या आहेत, तो वाद इथे नको. कारखान्याच्या आतलं सांगतो.

उसात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. एक टन ऊस गाळला म्हणजे सातशे लिटर पाणी आपोआप कारखान्यात आलं. रस आटवताना ते वाफ होऊन जातं, वाफ थंड झाली की पुन्हा पाणी. त्याला आम्ही कंडेन्सेट म्हणतो. पूर्वी यातलं बरंचसं गरमच नाल्यात जायचं आणि वर नदीतून ताजं पाणी उचलायचो. उसातून पाणी विकत घ्यायचं, फेकायचं आणि नदीतून पुन्हा आणायचं! नदीला पाणी होतं म्हणून खपलं. दुष्काळी वर्षांत नदीचं पाणी पिण्यासाठी राखून ठेवलं गेलं, तेव्हा डोळे उघडले. आता कंडेन्सेट थंड करून, साफ करून बॉयलरला, कूलिंगला, चोथ्यावर मारायला, सगळीकडे तेच. गाळप सुरू असताना बाहेरचं पाणी जवळपास लागत नाही.

पण ग्यानबाची मेख आहे. कंडेन्सेटमध्ये चुकून रस उडून आला आणि ते बॉयलरला गेलं तर बॉयलरची वाट लागते. म्हणून साखरेचा अंश सतत तपासावा लागतो. ऑनलाइन मीटर बसवलाय, अलार्म आहे, दुसरीकडे पाणी वळवणारा व्हॉल्व्ह आहे. तरी पाळीचा पोऱ्या दर तासाला परीक्षानळी घेतो, अल्फा नॅफ्थॉलचे थेंब टाकतो, कडेने ॲसिड सोडतो. जांभळं कडं दिसलं की तो आधी फोन उचलतो, मीटर काय म्हणतोय ते नंतर बघतो. दोन हंगामांपूर्वी मीटरवर शेवाळी साका बसला होता आणि तो सगळं ठीक दाखवत होता. जांभळं कडं पोऱ्याने पकडलं. तुमचे थेंब धरलेले सेन्सर वाचून तो आठवला.

लातूरकर

२०१६ ला मी लातुरात होतो. मार्चमध्ये टाक्यांभोवती, टँकर भरायच्या जागांवर १४४ कलम लागलं, पाण्यासाठी पाचापेक्षा जास्त जण जमायचे नाहीत. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली, २५ लाख लिटरची. साडेतीनशे किलोमीटर लांबून रुळांवरून पिण्याचं पाणी!

आमच्या दवाखान्यात (नाव नको) तेव्हा एसीचं ठिबकणारं पाणी कॅनमध्ये धरून फरशी पुसायचो. आरओ मशीनच्या बाहेर टाकायच्या पाण्याला वेगळा पाइप काढून तो संडासांना जोडला, तो आजही आहे. पाऊस आला, धरण भरलं, शहर विसरलं. पाइप मात्र राहिला, कारण काढायचे पैसे कोण देणार.

वैदर्भीय

नागपूरचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला कूलिंग टॉवरसाठी अफाट पाणी लागतं, आणि पेंच धरणाचं पाणी शहराला, शेतीला, विजेला, सगळ्यांनाच हवं. त्यावर उपाय म्हणून महापालिका आणि महानिर्मितीने (राज्याची वीज बनवणारी कंपनी) करार केला: भांडेवाडीला शहराचं सांडपाणी शुद्ध करायचं आणि ते पाइपने कोराडीला न्यायचं. दिवसाला १३ कोटी लिटरची क्षमता. तेवढं पेंचचं पाणी मोकळं झालं. महापालिकेला आधी जे सोडून द्यावं लागायचं त्याचे पैसे मिळतात, वीज केंद्राला मे महिन्यातही पाण्याची खात्री, कारण शहर अंघोळ करायचं थांबत नाही.

पुढे २०१६ च्या केंद्र सरकारच्या वीजदर धोरणात आलं की सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी तेच पाणी वापरायचं. आमच्याकडे त्याआधीच सुरुवात झाली होती, हे जरा कॉलर ताठ करून सांगतो.

सिंगापुरी_चहा

तळमजला ताईंच्या उदबत्तीवरून आठवलं. इथे सिंगापूरला हाच 'गटाराचं पाणी' प्रश्न अख्ख्या देशाला होता. स्वतःची मोठी नदी नाही, पाणी मलेशियातल्या जोहोरहून. एक करार २०११ ला संपला, दुसरा २०६१ पर्यंत. शेजाऱ्याच्या हातात नळ. म्हणून सांडपाणी सूक्ष्म गाळणी, आरओ आणि अतिनील किरणांतून काढून 'न्यूवॉटर' केलं. २००३ पासून ते पुरवलं जातं.

लोकांनी नाक मुरडू नये म्हणून आधी, २००२ च्या राष्ट्रीय दिनाच्या संचलनात ६० हजार बाटल्या वाटल्या आणि पंतप्रधान गोह चोक टाँग यांच्यासकट सगळ्यांनी एकदम प्यायल्या. पण खरी हुशारी मला पुढची वाटते. बहुतेक न्यूवॉटर घरांत जातच नाही. चिप बनवणाऱ्या कारखान्यांना अतिशुद्ध पाणी लागतं, त्यांना हे आवडतं. उरलेलं, विशेषतः कोरड्या महिन्यांत, जलाशयात सोडतात आणि मग नेहमीच्या शुद्धीकरणातून नळाला. माणसाच्या आणि त्या पाण्याच्या मधे एक तळं. पाणक्यांनी फ्लशपासून सुरुवात केली तेही याच जातीचं.

द्राक्षबाग

दिंडोरी तालुक्यातून. शेतकऱ्याची बाजूही ऐका. मी ठिबक केलं तेव्हा विहिरीचं पाणी खरंच वाचलं. पहिल्या वर्षी मार्चमध्ये विहिरीत इतकं पाणी बघून वडिलांना गहिवरून आलं. दुसऱ्या वर्षी मी त्या पाण्यावर आणखी एक एकर बाग लावली. तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये विहीर पुन्हा तळाला. आता ओलाव्याचे सेन्सर लावलेत, बाग उत्तम येते, विहीर तिथेच आहे.

आमच्याकडे वाघाड धरणावर शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था आहेत. तिथे पाणी एकराच्या हिशेबाने नाही, मोजून मिळतं, घनमापन. कालव्यावर मापाची जागा, संस्थेचा कोटा ठरलेला. कोटा संपला की संपला, मग तुम्ही ठिबक करा नाहीतर पाटाने द्या. टेलच्या (कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या) माणसाला पाणी मिळायला लागलं ते यामुळे. माझ्या विहिरीला कोटा नाही, म्हणून माझं ठिबक मलाच नडलं. सोसायटीत वाचलेल्या टँकरचं काय केलंत? जलतरण तलाव तर नाही ना बांधला?

पाणक्या

द्राक्षबाग, वर्मावर बोट ठेवलंत. मागच्याच महिन्यात एका सदस्याचा अर्ज आलाय, 'पाण्याची परिस्थिती सुधारल्यामुळे' गाड्या धुवायला पाइप पुन्हा सुरू करावा. दुसऱ्याचा अर्ज, क्लब हाउससमोर कारंजं. दोन्ही कमिटीपुढे आहेत. गाड्यांसाठी एसटीपीचं पाणी देऊ म्हटलं तर म्हणतात डाग पडतील. तुमचा प्रतिसाद छापून नोटीस बोर्डावर लावू का?

द्राक्षबाग

लावा. फक्त एकराचं सांगू नका, आमच्या घरचेही वाचतात.

शंकासूर

बरं, पर्जन्यमापक हे यंत्र आहे हे मान्य. कारंज्याला माझा विरोध नोंदवा.

नवी_सेक्रेटरी

पाणक्या काका, मी गेल्याच महिन्यात सेक्रेटरी झाले, ९० फ्लॅट. पाच मीटरचंही बजेट नाही. एकच घ्यायचा तर कुठे लावू? आणि त्या परदेशातल्या फ्लॅटवाल्यांनी व्हॉल्व्ह बंद केला म्हणून भांडण नाही काढलं?

पाणक्या

एकच असेल तर टँकरच्या पाइपवर. तिथे तो स्वतःची किंमत सर्वात लवकर वसूल करतो. आणि यांत्रिक घेणार असाल तर पाइपात हवा राहू देऊ नका, हवेनेही काटा फिरतो आणि मग टँकरवालाच खूश. गच्चीवरच्या टाकीसाठी सेन्सर नाही परवडला तर दोन रात्री वॉचमनला बरोबर घेऊन पट्टी बुडवून मोजा. एक वाजता आणि चार वाजता. आमच्या काकांनी सेन्सर यायच्या आधी तेच केलं होतं.

फ्लॅटवाल्यांना व्हॉट्सॲपवर रीतसर कळवलं. उत्तर आलं, "थँक यू, मग दीड वर्षाची पाणीपट्टी परत मिळेल का?"

तळमजला_१०२

ब्लोअरच्या वेळा विचारल्या. रात्री अकरा ते सकाळी साडेपाच बंद! ऑपरेटर म्हणतो मागच्या सेक्रेटरींनी सांगितलं होतं. मागचे सेक्रेटरी म्हणजे आमचे हे. घरात सध्या बोलणं बंद आहे. गोठा शोधतेय.

नवी_सेक्रेटरी

शेवटचा प्रश्न. घरात केशरी रंग नव्हता म्हणून फ्लश टँकमध्ये हळद टाकून बघितली, काहीच दिसलं नाही. म्हणजे गळत नाही ना?

पाणक्या

हळद नको. ती विरघळत नाही, तळाला बसते आणि टँक पिवळा करते. खायचा रंगच घ्या, चिमूटभर पुरतो. आणि झोपायच्या आधी टाकू नका, रात्री कोणी उठलं की दचकतं. आमच्याकडे एक आजोबा थेट डॉक्टरांकडे गेले होते.